तबकडीवरचा हात

"तुम्ही फक्त पुसून द्या, सर. हात आमचे लागतील."

खंडेनवमीचा दिवस होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या शाळेत विज्ञानाचं कपाट वर्षातून दोनदा उघडायचं. एकदा तपासणीला साहेब आले की, आणि एकदा खंडेनवमीला. त्या दिवशी नादकाटे, भिंगं, चुंबकं, विजेची घंटा, सगळं बाहेर काढून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मग परत कुलूप. लेकरांनी ती साधनं पाहिली ती कुंकवासकटच.

मी विज्ञानाचा शिक्षक. शाळेत बी.एस्सी. झालेला मी एकटा. बौद्ध वस्तीतला. मुख्याध्यापकांनी माझ्या हातात फडकं दिलं आणि ते वाक्य म्हणाले. शांतपणे, हसून. पूजेला मराठीचे गुरुजी बसले होते. मला पूजा करायचीच नव्हती, आमच्या घरात ती नाही. मला किल्ली हवी होती. नववीच्या वर्गात नादकाटा, ठोकला की एकच सूर देणारा पोलादी काटा, वाजवून पाण्याला टेकवायचा होता, पाणी कसं उडतं ते लेकरांना दाखवायचं होतं. तेवढंच विचारायला मी तोंड उघडलं होतं.

मी पुसून दिले. सहा नादकाटे. व्हरांड्यात उभा राहून, दारातून हात लांब करून, एकेक. खिडकीला पोरं लोंबकळत होती. ती बघत होती.

हे मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितलंय. जयंतीच्या भाषणांत सांगितलंय. लोक हळहळतात. यापुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

दहा-बारा वर्षांनी सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापकाच्या त्याच खुर्चीत मी बसलो. किल्ली माझ्या खिशात आली. कपाट मी उघडलं का? उघडलं. तपासणीला. काही फुटलं तर जबाबदारी माझी, असं म्हणायचो. आत मात्र वेगळंच होतं. जी किल्ली मिळवायला माझी अर्धी उमर गेली, तिच्यामागची वस्तू कुणाच्याही हातात सहज जावी, हे मला सोसत नव्हतं.

अशात मिलिंद गावात परत आला. आमच्याच वस्तीतला, माझाच जुना विद्यार्थी. दहावीनंतर हैदराबादला गेला होता, लग्नकार्यात डीजे लावणाऱ्या एका माणसाकडे सहा-सात वर्षं राबला. येताना दोन तबकड्यांची यंत्रं, एक मिक्सर आणि एक जुना काँप्युटर घेऊन आला. गावात मिरवणुकीला साउंड लावायचा. आणि रविवारी दुपारी समाजमंदिरात पोरं जमवायचा. आमच्या वस्तीतली, तांड्यावरची, मिळून पंधरा-वीस.

मला वाटलं, गाणी वाजवत असतील. एका रविवारी मुद्दाम तिकडून गेलो. खिडकीशी थांबलो.

तबकडीवर त्याने दोन चिंचोके ठेवले होते. एक मध्याजवळ, एक काठावर. तबकडी फिरली. त्याने वेग वाढवला. काठावरचा चिंचोका उडाला, मधला बसून राहिला.

"काहून, दादा?" एका पोरीने विचारलं. रेणुका. तांड्यावरची. माझ्याच दहावीच्या वर्गातली. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरता ऐकला होता.

वर्तुळाकार गतीचं सूत्र मी वीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मला एकाही लेकराने 'काहून' विचारलं नाही. आणि हा, दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालेला. मी जळलो. दुसरा शब्द नाही त्याला. मी आणखी अर्धा तास तिथंच उभा राहिलो, चोरासारखा.

तीन मिनिटांत तबकडीचे शंभर फेरे होतात, म्हणजे एका फेऱ्याला किती वेळ? पोरांनी काढलं, एक पूर्णांक आठ सेकंद. मग काँप्युटरवर त्या हिशेबाने आज्ञा लिहिल्या, की दर फेऱ्याला एक ठोका वाजव आणि परत पहिल्यापासून सुरू कर. ठोका तबकडीच्या मागे पडला की मिलिंद सांगायचा नाही. पोरंच भांडायची, कुणाची ओळ चुकली म्हणून.

पुढच्या आठवड्यात तो शाळेत आला. सोबत रेणुका. त्याने बसायला खुर्ची ओढली नाही, मीही बस म्हणालो नाही. रेणुका म्हणाली, "सर, आमी काँप्युटरला सेकंदाला दोनशे छप्पन कंपनं असा आकडा देऊन सूर काढलाय. तुमच्या कपाटातल्या काट्यावरबी दोनशे छप्पन लिव्हलंय म्हणतात. दोन्ही संगं वाजवून आमचा आकडा बराबर हाय का बघायचंय. सूर लहरला तर चुकला."

तो काटा मी स्वतः पुसलेला होता. शाळेत लागल्यापासून मला ऐकायचा होता तोच प्रश्न ती पोरगी घेऊन आली होती. मी म्हणालो, "शाळेची वस्तू बाहेर जात नाही."

"मंग इथंच बघतो, सर."

"प्रदर्शनात बघू."

प्रदर्शन आमच्याच शाळेत भरलं. तालुक्याचं. परीक्षकांत मी मुख्य. रेणुकाच्या प्रयोगासाठी मिलिंदने टेबलावर तबकडी मांडली. गर्दी सगळी तिथंच. बाहेरगावचे दोन शिक्षक रेणुकाला प्रश्न विचारून राहिले होते आणि ती उत्तरं देऊन राहिली होती, न अडखळता. त्यातले एक माझ्याकडे वळून म्हणाले, "वा, तयारी चांगली करून घेतली की तुम्ही." मी नाही म्हणालो नाही. तेवढ्यात, मिलिंद तबकडी फिरवत असताना, पेपरवाल्याने फोटो काढला.

तेव्हा मिलिंद पुढे आला. हळूच म्हणाला, "सर, आता तेवढा काटा द्या. पोरगी थांबलीय."

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू फक्त वायरी जोड. विज्ञानाला हात आमचे लागतील."

तो चिडला नाही. म्हणाला, "त्या खंडेनवमीला खिडकीत मी होतो, सर."

बस, एवढंच. मग खाली वाकून तो वायर नीट करू लागला.

मला तेव्हाच सगळं कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. तरी मी शेरा लिहिला, 'मनोरंजनाचे साधन. विज्ञान नाही.' पहिला नंबर मातीच्या ज्वालामुखीला दिला.

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. बाजारच्या दिवशी रेणुकाचा बाप भेटला. साधा माणूस, सरांना बघून चप्पल काढणारा. मी म्हणालो, "डीजेच्या खोलीत पोरगी धाडता. बघा बुवा."

"काहून सर? काय हाय तिथं?"

मी नुसती मान हलवली. खोटं एक अक्षर बोललो नाही. त्या माणसाने उरलेलं स्वतः समजून घेतलं, आणि तांड्यावर तेच सगळ्यांनी समजून घेतलं.

पुढच्या रविवारी समाजमंदिरात एकही पोरगी नव्हती. महिन्याभरात पोरंही नव्हती. रेणुकाने दहावीची परीक्षा दिली, पास झाली, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. मिलिंदने दोन्ही यंत्रं टेम्पोत घातली आणि नांदेडला निघून गेला. जाताना माझ्या दारावरून गेला. थांबला नाही.

आता मी निवृत्त झालोय, आणि शाळा स्मरणिका काढतेय. माझा सत्कार ठेवलाय. छापायला जाणारं पान परवा मला दाखवायला आणलं होतं. 'जिल्ह्यात तबकडी आणि संगणकातून विज्ञान शिकवण्याचा पहिला प्रयोग करणारे आमचे सर.' वर तो प्रदर्शनातला फोटो. मधोमध मी. तबकडीवर एक हात आहे. हाताचा माणूस कडेला कापला गेलाय.

तो हात माझा नाही.

मला फडकं देणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्याला मी परका होतो. मिलिंद माझा होता. रेणुका माझ्या वर्गातली होती. त्या माणसापेक्षा माझं पाप मोठं आहे. आणि त्याचं कारण माझ्यावर झालेला अन्याय नाही. मी जळत होतो, हे कारण आहे.

सत्काराला मी जाणार. शाल घेणार नाही. फोटो हातात धरून त्या हाताचं नाव मंचावरून सांगणार, आणि माझा तो शेरा वाचून दाखवणार. कपाटाची एक जादा किल्ली निवृत्तीनंतरही माझ्याकडेच राहिली होती. ती दहावीच्या एखाद्या पोरीच्या हातात देणार, सगळ्यांदेखत.

पण त्याआधी तांड्यावर जायचंय. रेणुकाचा बाप थकलाय, ऐकू कमी येतं म्हणतात. मोठ्याने सांगावं लागेल. शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल, जाऊ दे. मागच्या वेळी नुसती मान हलवली होती. आता शब्दांत सांगणार आहे: त्या खोलीत तुमची पोरगी आकडा ताडून बघत होती. तिचा आकडा बरोबर होता की नाही, ते मी तिला कळू दिलं नाही.