कमानीखाली बिरूअण्णा

बिरूअण्णा कुठलीही भिंत बघायला आले की आधी तिच्यावर तांब्याभर पाणी मारायचे आणि समोर उकिडवे बसून राहायचे. कुठं आधी वाळतं, कुठं ओल राहते, ते बघत. "भिंत बोलती सायेब, पर सावकाश," म्हणायचे.

मी पाचगणीच्या एका शाळेचा इंजिनिअर. शाळेच्या फाटकाशी इंग्रजांच्या काळातलं दगडी लॉज आहे. लॉज म्हटलं की आपल्याला राईसप्लेट आठवते, पण हे पहारेकऱ्याचं घर. जांभ्याच्या जाड भिंती, उभं उतरतं छप्पर, दोन धुरांडी आणि रस्त्यावर टोकदार कमान. कमानीचे दगड सुटू लागले तेव्हा 'धोकादायक, पाडावे' असा अहवाल मीच दिला होता. तरी विश्वस्तांनी शेवटचा उपाय म्हणून कवठे महांकाळहून या सत्तरीच्या गवंड्याला बोलावलं. मला ते झोंबलं.

अण्णांनी पाणी मारलं. दगडांच्या सांध्यांपाशी ओल हटेना.

"ह्यात सिमेट कुनी भरलं?"

चार वर्षांपूर्वी मजबुतीसाठी मीच भरून घेतलं होतं. मी वर धुरांड्यांकडे बघू लागलो.

"चांगल्यासाठीच भरलं आसंल," ते म्हणाले. "पर जांब्याचा जीव गुदमरला. आत पानी कोंडलं, दगड सुटाय लागलं."

कमानीला लाकडी टेकू देऊन त्यांनी सगळं सिमेंट छिन्नीनं काढलं आणि सांधे चुन्यानं भरले. मी घाई केली की म्हणायचे, "चुना म्हंजे काय सासुरवाडीचा च्या हाय व्हय, बसलं की आला?"

टेकू काढायच्या दिवशी विश्वस्तांनी विचारलं, "कमान टिकेल, अशी लेखी हमी कोण देणार?" सगळे माझ्याकडे बघू लागले. अण्णा कमानीखाली जाऊन उभे राहिले. "मला लिवता येत न्हाई. मी हितं हाय. काढा टेकू."

माझी मलाच लाज वाटली. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि तिथूनच सांगितलं, "सिमेंट मी भरलं होतं. अहवालही माझाच चुकला. हमी मी लिहून देतो."

टेकू निघाले. वर बारीक करकर झाली, चिमूटभर चुना माझ्या खांद्यावर पडला आणि कमान जागच्या जागी बसली. एक दगड हलला नाही. मजुरांनी शिट्ट्या मारल्या. विश्वस्तांनी तिथंच सांगून टाकलं, लॉज पाडायचं नाही. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

अण्णांनी माझा खांदा झटकला. "भ्या वाटलं?"

"लय," मी म्हणालो.

"मलाबी," म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच खदखदून हसले.