गिअरबॉक्स चऱ्हाटाला टांगला तेव्हा

त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या व्हॅनचा क्लच पार गेला. यांनी ती कशीबशी दारापर्यंत आणली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायकांची ने-आण करायचे आमचे हे. सोमवारी सकाळी व्हॅन दिसली नाही तर ठेकेदार दुसरी गाडी लावणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

गॅरेजवाला गावच्या म्हाईला गेलेला. म्हाई म्हणजे गावदेवीची जत्रा. मी लग्न होऊन परभणीकडून इकडं आले तेव्हा हा शब्दही ऐकला नव्हता. म्हाईला मटणाचं जेवण आणि पै-पाव्हण्यांना आवतण. आमची अख्खी गल्ली टेम्पो भरून तिकडंच गेलेली. मागं राहिलो आम्ही दोघं आणि शेजारची अक्का. ती लिंगायत, तिच्या घरात मटणाचं नाव नाही. माहेर तिचं पार सीमेपलीकडचं, म्हणून मला ती तंगी म्हणायची. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. इतक्या लांबच्या मुलखात कुणी आपल्याला बहीण म्हणतं, याचंच मला तेव्हा फार वाटायचं.

रविवारी सकाळी हे म्हणाले, "मीच उतरवतो. गॅरेजात दोनदा बघितलंय की."

"बघणं वेगळं," मी म्हटलं.

"तू चहा टाक."

पुढची चाकं जांभ्या चिऱ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. पान्ह्यांचा एक संच, हातोडी, पक्कड आणि जॅक, एवढीच हत्यारं. क्लचप्लेट असते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध, म्हणून आधी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. इंजिन लोंबकळू नये म्हणून एकुलता एक जॅक त्याच्या खाली गेला. मग गिअरबॉक्स कशावर पेलायचा? यांनी दोन्ही दारं उघडून गाडीतून आरपार एक वासा घातला. त्याची टोकं दोन्हीकडं रचलेल्या ठोकळ्यांवर टेकवली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच, म्हणून सीट उचलून गिअरबॉक्सला चऱ्हाट बांधलं, वाशावरून वेढा देऊन बाहेर काढलं आणि टोक माझ्या हातात दिलं.

"मी म्हटलं की सोडायचं. सावकाश."

"मला न्हाय जमायचं." घाबरले की मी यांच्यासारखंच बोलायला लागायची.

"तुझ्या हातनं आडातला पोहरा कधी सुटला का?"

"पोहऱ्याखाली माणूस नसतो."

त्यांनी पान्हा उचलला. पाठीवर झोपून सरकत गाडीखाली गेले.

पोहरा खरंच कधी सुटला नव्हता. सातवीत शाळा सुटली ती आडाच्या पाण्यापायीच. तिथं चऱ्हाट निसटलं तर पोहरा बुडायचा, आई चार शब्द बोलायची, गळ टाकून तो काढायचे. इथं चऱ्हाटाच्या दुसऱ्या टोकाला पिठाच्या भरल्या डब्याएवढं लोखंड होतं आणि त्याच्या खाली यांची छाती. मला बाहेर दिसत होती फक्त पावलं. पान्ह्याला जोर लावला की ती पावलं ताठ व्हायची. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. पावलं हलत होती तोवर सगळं ठीक होतं.

शेवटचा बोल्ट निघाला आणि सगळं वजन एकदम हातात आलं. दातावर दात दाबून मी बोटाबोटानं सोडत गेले. गिअरबॉक्स खाली पोत्यावर टेकला.

जुनी प्लेट झिजून चकचकीत झालेली. नवी यांनी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवली होती. ती बघायला अक्का आली, हातात विभूती घेऊन. नवी वस्तू, तशीच कशी घालायची?

"घासते तिथं लावू नका हं अक्का, घसरंल," हे म्हणाले.

"मधल्या लोखंडाला लावते की." तिनं तीन बोटं ओढली. मी हात जोडले. त्या दिवशी मी कशालाही हात जोडले असते.

दुपारपर्यंत परत सगळं वर ओढून बसवलं. हे गाडीत बसले, इंजिन चालू केलं, क्लच दाबला. गिअर पडेना. नुसता कर्रकर्र आवाज. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. त्यांनी इंजिन बंद केलं.

"उलटी बसली," म्हणाले.

"काय उलटं?" अक्का.

"प्लेट. दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या मला. मग विभूतीचं तोंड म्होरं केलं. देवाची पाठ म्होरं कशी करायची?"

अक्कानं गाडीखाली वाकून बघितलं. मग म्हणाली, "मग मागं बघू दे की त्याला. मागनं पण गाड्या येतात."

हे हसले. मला हसू आलं नाही. मला एवढंच कळलं होतं, की यांना पुन्हा त्या लोखंडाखाली जायचंय आणि माझे तळवे तर सोलून निघालेत.

दुसऱ्या खेपेला उतरवताना जमलं. प्लेट फिरवली. वर ओढतानाही निम्मं जमलं. मग घामानं हात ओला झाला आणि चऱ्हाट वीतभर सरकलं. खालून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. पावलं हलायची थांबली.

"अहो."

उत्तर नाही.

"अहो!"

अक्का धावली. माझ्यामागं लोंबणारं चऱ्हाटाचं शेपूट तिनं ओढून घेतलं आणि त्यावर सरळ फतकल मारून बसली. चांगली अंगानं भरलेली बाई. चऱ्हाट जागच्या जागी थांबलं.

"हाय की," खालून आवाज आला. "कोपराला लागलं. ओढ."

आम्ही दोघींनी ओढलं. मी उभ्यानं, ती बसल्या बसल्या, कानडीत देवाचं नाव घेत. पान्हा फिरल्याचा आवाज येत राहिला, पावलं पुन्हा ताठ व्हायला लागली. मग हे म्हणाले, "सगळे बोल्ट आवळले. सोड आता."

मी सोडलं नाही.

"अगं सोड की. आता पडत न्हाय त्यो."

"आधी तुम्ही बाहेर या."

"चऱ्हाट सोडायचं हाय मला खालनं."

"ते मागनं सोडा. आधी बाहेर या."

"काय बाई हाय," ते पुटपुटले.

"ये बाबा बाहेर," अक्का म्हणाली. "ती सोडत नाही, आणि तिनं सोडल्याशिवाय मीपण उठत नाही. माझा भात चुलीवर हाय."

पावलं सरकली. मग गुडघे, मग काळा झालेला शर्ट, मग रक्ताळलेलं कोपर आणि तोंड. ते माझ्यासमोर पुरते उभे राहिले, तेव्हा मी हात सोडले.