दारात आणलेला ट्रॅक्टर

गड्यांनो, कराडच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आई शेजारच्या दवाखान्यात हाय.

आमच्या ट्रॅक्टरचा स्टार्टर गेलाय, म्हणून तो कायम उतारावर लावतो. ढकलला की चालू. आज आभाळ भरलं. लाईट जाईल म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर घरात बल्ब लावायचा होता, पण वायर पुरेना, म्हणून दादांनी, म्हंजी आमच्या वडलांनी, ट्रॅक्टरच सपाट अंगणात आणला.

वादळी पावसानं गावाची लाईट गेली. "बघ रं, आपलंच घर उजळलंय!" दादा खुशीत.

तेवढ्यात आईला दम्यानं धरलं. ट्रॅक्टर चिखलात रुतलेला, ढकलून हलेना. शेजाऱ्याची जीप येईपर्यंत लख्ख उजेडात आमी तिची धाप बघत बसलो.

दवाखान्यात बोलता येताच आई दादांना म्हणाली, "आवं, ट्रॅक्टर परत उतारावर लावला का?"

ट्रॅक्टर अजून अंगणातल्या चिखलातच हाय. बाहेर परत आभाळ भरलंय. तुमी तिला काय सांगितलं असतं?