मंगळसूत्र माझ्या मुठीत

आय साठीला टेकली. जन्म खाडीकाठच्या गावात, सगळं आयुष्य नेरूळच्या बाजारात मासे विकण्यात. उन्हानं तिच्या गालांची पार रया गेली होती. एकदा मी तिच्याशेजारी बसलेली असताना एका गिऱ्हाईकानं विचारलं, "आजी, ही नात का?" त्या दिवसापासून बाई आरशासमोरून हलेना. शेवटी मीच म्हटलं, चल, डॉक्टरांना दाखवू.

मी महापेला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते, मला वाटतं मला सगळं कळतं. पण डॉक्टरीणबाईंनी मशीन समजावलं तेव्हा मीही तोंडात बोटं घातली. केसासारख्या बारीक सुया कातडीत शिरतात, आत गरमी सोडतात. कातडीला वाटतं जखम झाली, आणि ती आपली आपण नव्यानं भरून यायला लागते. अगं बाई, हे सगळं आपल्या अंगातच असतं!

"मंजे टोचून जागी कराची," आय म्हणाली. डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या.

मग नर्स म्हणाली, "गळ्या-कानातलं सगळं काढा. धातू चालत नाही."

आयनं कानातलं काढलं, सोन्याची माळ काढली. मंगळसूत्रावर हात गेला आणि थांबला. "तुजा बापूस होडी घेऊन खाडीन हाय. तो घरा येईस्तवर मी ह्ये काढनार नाय." आणि चपला घालायला लागली.

माझं डोकंच फिरलं. "आये, इतके दिवस आरशाशी भांडतेस, आणि आता हे काय खूळ?"

तिथं झाडपूस करणाऱ्या मावशींनी मला गप्प केलं. खालच्या वाण्याकडून हळकुंड आणलं, पांढऱ्या दोऱ्यात बांधलं, म्हणाल्या, हेही मंगळसूत्रच. आयनं ते आधी गळ्यात घातलं, मगच मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं.

बधिर करायचं मलम लावून तासाभरानं मशीन सुरू झालं. टक, टक, टक. आयच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळत होतं, पण मान तसूभर हलली नाही. काय बाई आहे ही! मी बघतच राहिले.

मंगळसूत्र धरलेली मूठ घामानं ओली झाली. बाबा अजून खाडीतच. गुपचूप बाहेर जाऊन बाबाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्या वेळी आवाज आला, मागे होडीचं इंजिन. "काय गो?"

"काय नाय बाबा. असंच."

आत आले तर मशीन बंद. आयचा एक गाल लालबुंद, दुसरा तसाच. डॉक्टरीणबाई हात थांबवून उभ्या होत्या. "तुम्ही येईपर्यंत थांबा म्हणाल्या."

आयनं डोळे उघडले नाहीत. "फोन उचलला का त्यानं?"

"हो."

"मंग करा दुसरा गाल," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.