अंजूच्या वाढदिवसासाठी हॉटेल शोधताना

देवरूखच्या स्टँडवरून पहाटे निघालेली एसटी कुंभार्ली घाट चढून पलीकडे उतरली तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि आईने दिलेले नारळ होते. भाऊबिजेला बहिणीकडे निघालो होतो. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि सुमन पिंपरीला राहायला गेल्यापासून मी तिकडे एकदाही फिरकलो नव्हतो. शाळामास्तराला लांबची सुट्टी दिवाळीचीच.

पुण्याला उतरून शहरबस धरली. दापोडीचा पूल मागे पडला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या लांबच लांब भिंती सुरू झाल्या. आपल्याकडे जशी आंबा-काजूची कलमं ओळीने दिसतात, तशा इथे चिमण्या. एका फाटकातून शिफ्ट (कामाची पाळी) सुटली होती आणि सायकलींचा एवढा लोंढा रस्त्यावर आला, की आमची बस जागच्या जागी थांबली. डबे हँडलला अडकवलेले, शर्टावर तेलाचे डाग, आणि सगळे एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत घरी निघालेले. मला ते दृश्य फार आवडलं. याच गर्दीत आपली सुमनही रोज असते, हे मनात येऊन ऊर भरून आला. ती एका कंपनीत रेडिओचे भाग जोडते. आमच्या वाडीतून कारखान्यात नोकरीला लागलेली ती पहिलीच मुलगी.

तिचे यजमान वसंतराव भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ यंत्रावर काम करतात. मुलगी एकच, अंजू. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. उजव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या असलेला बूट घालून ती चालते. चालताना त्याचा खट् खट् असा आवाज येतो, त्यामुळे ती कोणत्या खोलीत आहे ते न बघता कळतं.

ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि सुमनने विषय काढला. येत्या रविवारी अंजूला आठ वर्षं पूर्ण होणार होती आणि तिने वाढदिवस हॉटेलात करायचा हट्ट धरला होता. त्यांच्या कामगार वसाहतीत असं आजवर कोणी केलेलं नव्हतं. घरी सतरंजी अंथरावी, औक्षण करावं, शिरा आणि बटाटेवडे द्यावेत, हीच रीत. पण अंजू सहसा काही मागत नाही म्हणून सुमन कबूल झाली होती. तिच्या अटी मात्र ठरलेल्या होत्या. जिना नको, दारू नको, आणि दहा-बारा मुलींना निवांत बसता आलं पाहिजे. तिला स्वतःला ड्यूटी होती. तेव्हा जागा बघून यायचं काम वसंतरावांवर आणि माझ्यावर आलं. अंजूने आपणही येणार म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतरावांच्या स्कूटरवर आम्ही तिघं निघालो. पुढे ते, मध्ये अंजू, मागे मी. तिचा बूट एका बाजूला सरळ बाहेर यायचा, म्हणून मी तो हाताने धरून ठेवला होता. थंडगार वारा होता. भोसरीला शेतात अजून ज्वारी उभी होती आणि बांधाला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रं घरघरत होती.

पहिलं हॉटेल भोसरीतच, नाशिक रस्त्याला लागून होतं. मालक बबनराव तिथल्याच जुन्या शेतकरी घराण्यातले. धोतर, पांढरी टोपी, आणि गल्ल्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाची नावाने विचारपूस. खाली कामगारांची गर्दी, मिसळीचा वास, बिडीचा धूर. फॅमिली रूम (बायकामुलांसाठीची वेगळी खोली) वरच्या मजल्यावर होती. मी वर जाऊन आलो. खोली छान होती. लांब टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, स्वच्छ खिडक्या. पण वर जायला दगडी जिना, तोही उभा आणि अरुंद. वसंतरावांनी जिन्याकडे बघितलं, मग अंजूच्या पायाकडे, आणि बबनरावांना नमस्कार करून आम्ही बाहेर पडलो. अंजू जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वर बघत होती. तिला दोनदा हाक मारावी लागली.

चाकणच्या अलीकडे एक नवं हॉटेल झाल्याचं वसंतरावांनी ऐकलं होतं. ते अगदी सपाटीवर होतं, पुढे बाग होती, झोपाळासुद्धा होता. मला वाटलं, काम झालं. पण आत पडदे ओढून अंधार केलेला आणि भर सकाळी कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर बाटल्या आलेल्या. मॅनेजर म्हणाला की रविवारी तर उभं राहायलाही जागा नसते. अंजूने विचारलं की इथे दिवसा रात्र का केली आहे. वसंतरावांनी स्कूटरला किक मारली.

चाकण ओलांडून राजगुरुनगरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी शेतं, लांबवर डोंगराची निळी रेघ. इथे एका मावशींची खानावळ आहे. अंगण सारवलेलं, दारात तुळस, उंबरासुद्धा नाही. पाटावर बसायचं, समोर ताट. मावशींनी आम्हाला मासवडी वाढली (नावात मास असलं तरी ती बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचं खमंग सारण आणि सोबत झणझणीत रस्सा). मी तशी मासवडी जन्मात खाल्ली नव्हती. मुलींसाठी तिखट कमी करू, गोडाला पुरणपोळी करू, असं मावशींनी आपण होऊन सांगितलं. वाढदिवस कोणाचा म्हणून विचारून त्यांनी अंजूच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

वसंतराव खूश झाले. मीही झालो. सुमनच्या सगळ्या अटी पुऱ्या होत होत्या. रविवारी मुलींना आणायला टेम्पो बघू, असंही आम्ही जेवता जेवता ठरवून टाकलं. अंजूला मांडी घालता येत नाही. ती पाटावर पाय सरळ पुढे पसरून बसली होती आणि वाढणारी बाई दर वेळी तिच्या बुटाला वळसा घालून पुढे जात होती. जागा पसंत आहे ना, म्हणून मी विचारलं तेव्हा तिने ताटातून मान वर न करता "हो" म्हटलं.

परतताना मोशीला इंद्रायणीच्या पुलाजवळ स्कूटर पंक्चर झाली. वसंतराव चाक बदलायला बसले. मी आणि अंजू कडेच्या दगडावर टेकलो. खाली पाण्यात बायका धुणं धूत होत्या. नदीकडे बघत ती एकदम म्हणाली,

"मामा, मावशींच्याकडे असेल तर घरीच करू या. हॉटेल नको."

एवढी मासवडी आवडली, मग का नको, असं मी विचारलं.

"मागे रूपाचा वाढदिवस होता ना," ती म्हणाली, "तेव्हा सगळ्या खाली पंगतीत बसल्या. तिच्या आईने मला भिंतीजवळ खुर्ची दिली. मला खाली बसायला त्रास होतो म्हणून. सगळ्या खाली आणि मी एकटीच वर. त्या काय बोलत होत्या ते मला ऐकूच येत नव्हतं."

ती पुढे म्हणाली, "हॉटेलात सगळेच खुर्चीवर बसतात. टेबलाखाली कोणाचा पाय कसा आहे ते कोण बघतं?"

वसंतराव आमच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांचा पाना थांबला. मग आधीच घट्ट केलेले नट त्यांनी एकेक करून पुन्हा आवळले, हात पुसले आणि म्हणाले, "चला. बबनरावांकडे जाऊ."

आम्ही पुन्हा भोसरीला आलो तेव्हा दुपार उतरली होती. हॉटेलात गर्दी नव्हती. वसंतरावांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बबनराव गल्ल्यावरून उठले.

"आवो, त्यात काय यवढं? पोरीसाठी टेबलं खाली आणतो की. मागं आंगणात मांडू. कोन न्हाई म्हनतंय?"

मला हायसं वाटलं. पण अंजूने विचारलं, "वरून काय दिसतं?"

"वरनं? समद्या कंपन्या दिसत्यात. तुज्या बाबाचं वर्कशॉपबी दिसतंय."

"मग वरच," अंजू म्हणाली.

ती जिन्यापाशी गेली. डाव्या हाताने कठडा धरला. आधी डावा पाय वरच्या पायरीवर ठेवला, मग उजव्या हाताने बुटाची पट्टी धरून उजवा पाय शेजारी उचलून घेतला. खट्. मग पुढची पायरी. बबनराव तिला धरायला पुढे झाले, तर वसंतरावांनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना थांबवलं. अर्ध्या जिन्यात ती थांबली, कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि मागे न बघता पुन्हा निघाली. खाली चहा पिणारे दोन-तीन कामगार कप हातात धरून तसेच बसले होते. शेवटच्या पायरीनंतर वरच्या फरशीवर तिच्या बुटाचा आवाज खिडकीपर्यंत गेला आणि वरून हाक आली, "बाबा, या ना. तुमचं पत्र्याचं छप्पर दिसतंय."

वसंतरावांनी डोळे पुसले की घाम, ते मी पाहिलं नाही. आम्ही वर गेलो.

घरी सुमनला हे सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला वाटत होतं तिला केकची हौस आहे." मग उठली, आतल्या खोलीत जाऊन अंजूजवळ बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवारी अंजूने आम्हा सगळ्यांना लवकर नेलं. पाहुण्या यायच्या आत वर पोहोचायचं, हे तिने मनाशी ठरवलं होतं. निळा फ्रॉक घालून ती लांब टेबलाच्या टोकाशी, खिडकीकडे पाठ करून बसली, आणि मुली एकेक करून धापा टाकत जिना चढून तिच्याकडे आल्या. रूपा तिच्या शेजारी बसली. वडे आले, गुलाबजाम आले, आणि मग असा काही गलका सुरू झाला की आम्हा मोठ्यांना भिंतीकडे सरकावं लागलं. त्या काय बोलत होत्या ते आम्हाला काही केल्या कळेना. अंजू त्या गलक्याच्या अगदी मधोमध होती. सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिने नुसता माझा हात घट्ट धरला.

उतरताना मात्र सगळ्यांसमोर उतरावं लागलं. उतरणं चढण्याहून अवघड. मुली खाली जमून वर बघत होत्या. अंजूने घाई केली नाही. ती कठडा धरून, जिन्याकडे तोंड करून एकेक पायरी उतरली आणि खाली आल्यावर रूपाला म्हणाली, "आता तुझाही वाढदिवस इथेच कर."

मी दुसऱ्या दिवशी निघालो. तिघंही स्टँडवर पोचवायला आली होती. परतीच्या वाटेवर साताऱ्याजवळ उसाच्या गाड्यांमागे एसटी रखडली, घाटात धुकं लागलं. खिडकीशी बसून मी विचार करत होतो, की घरी आई विचारेल, शेजारी विचारतील, एवढं ऐकतो ते पिंपरी-चिंचवड आहे तरी कसं. मोठमोठे कारखाने सांगेन, सायकलींचा पूर सांगेन. ते खरंच पाहण्यासारखं आहे. पण मोठेपण मोजायला चिमण्यांचीच उंची कशाला हवी? या गावाने आमच्या वाडीतल्या मुलीला स्वतःची नोकरी दिली, आणि तिच्या मुलीने आपल्या वाढदिवसाची जागा स्वतः निवडली.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणातच उभी होती. नारळ नीट पोचले का, हे तिने आधी विचारलं. मग वाढदिवस कसा झाला ते. मी पिशवी ओटीवर ठेवली, पाय धुतले, आणि तिला म्हटलं, "बस जरा. सावकाश सांगण्यासारखं आहे."