आई जरा दमलीय

मुन्तहा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहते, मी तिसऱ्यावर. घरात चौथी मुलगी झाली तेव्हा तिच्या बापाने हे नाव ठेवलं. मुन्तहा म्हणजे संपलं, आता मुली पुरे. त्याचं गाऱ्हाणं देवाने ऐकलं आणि पुढच्या खेपेला शुक्री झाला. पण थोरल्या तिघी लग्न करून समुद्रापलीकडे गेल्या आणि आईच्या हाकेच्या अंतरावर उरली ती ही नकोशी झालेलीच.

आमच्या देशाच्या विमान कंपनीत ती गणवेश शिवायची. कुठल्या हवाई सुंदरीची कंबर बाळंतपणानंतर किती वाढली, कोण रडून रडून वाळली, हे तिला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळे. स्वतः मात्र ती निवृत्त होईपर्यंत विमानात चढली नव्हती. "मी शिवलेले झगे उडतात तेवढं पुरे आहे, मादाम ओदेत," असं मला म्हणायची. माझे यजमान होते तेव्हा तिला चिडवायचे, "मुन्तहा, तुझे टाके इतके पक्के, की विमान पडलं तरी झगा उसवायचा नाही." यावर ती छातीवर क्रूस करायची आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलायची नाही.

शेवटी उडावं लागलं ते लेकीसाठी. मिरेई पॅरिसमध्ये असते. तिचे दिवस भरायला अवकाश असतानाच बाळ झालं आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मुन्तहा डोळे मिटून, माळ ओढत गेली. ती तिथे असतानाच आमच्याकडे लढाई भडकली. एकेक परकी कंपनी बैरूतला यायची थांबली. शेपटीवर देवदार असलेली आमचीच तेवढी विमानं ये-जा करत राहिली. विमानतळाच्या कुंपणापलीकडच्या वस्तीवर बाँब पडत होते, आणि ही विमानं शेजारीच उतरत होती. मी त्या वेळी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पॅरिसला मुलाकडे होते. माझं परतीचं तिकीट होतं. मुन्तहाने ठरवलं होतं, लढाई थांबेपर्यंत हलायचं नाही.

मग शुक्रीचा फोन आला.

तो गावाकडे, डोंगरात ऐन-तूतला, आईजवळ राहतो. एरवी फोन आईच्याच हातात असे. सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढून झाली की शेवटी ती म्हणायची, "तूच मला माती दे गं." आमच्याकडे लाड करायची ही रीतच आहे. पोटच्या पोराला म्हणायचं, माझ्या आधी जाऊ नकोस, मला पुरायला तू मागे राहा. त्या दिवशी मात्र आईचा आवाजच नव्हता.

"आई कुठाय?"

"निजलीय. जरा दमलीय."

"दमलीय म्हणजे?"

"दमलीय म्हणजे दमलीय. तू कधी येतेस?"

फोन ठेवून मुन्तहा थेट माझ्याकडे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आई गेली," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं नाही. आमच्या देशात निम्मी माणसं परदेशात असतात आणि मेल्याची बातमी फोनवर द्यायची नाही असा दंडक आहे. माणूस 'जरा दमलाय' असं सांगतात, म्हणजे लेकरू विमानात तरी रडत बसणार नाही. तिचा बाप गेला तेव्हा थोरल्या बहिणींना हेच शब्द सांगितले होते. सांगणारी मुन्तहाच होती.

तिने काळा झगा घातला, काळे मोजे घातले आणि माझ्याच विमानाचं तिकीट काढलं.

विमान अर्धं रिकामं होतं. एरवी डोक्यावरच्या प्रत्येक कप्प्यात कोंबलेल्या पिशव्या आणि मोठमोठ्याने चाललेली भांडणं असतात, त्यातलं काही नव्हतं. लोक खालच्या आवाजात बोलत होते. मुन्तहाने माझं मनगट धरलं ते सोडेना.

"मादाम ओदेत, शुक्रीने माझ्यासाठी दफन थांबवलं असेल ना? की उरकलं असेल?"

"थांबवलं असेल."

"लाइट नाही गावात. किती थांबवणार?"

मी तिच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला.

कॉफी घेऊन आलेली मुलगी विशीतली होती. सिंथिया नाव. ओठांना लाल रंग नीट लावलेला, पण कप बशीवर वाजत होता. मुन्तहाने तिच्या हाताकडे पाहिलं, मग बाहीकडे.

"बटण लोंबतंय तुझं."

"असू दे मावशी, आज कोण बघतंय?"

"मी बघतेय. बस इथे." मुन्तहाने पर्समधून सुई काढली आणि त्या मुलीचा हात स्वतःच्या मांडीवर ठेवून बटण शिवलं. "घाबरतेस?"

"आई रोज म्हणते, नोकरी सोड. मी म्हणते, सोडली तर तुमच्यासारख्यांना घरी कोण आणणार?" मुलगी हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. "तुमचं कोण गेलं, मावशी?"

"आई."

"तुम्ही सलामत राहा," सिंथिया म्हणाली. आम्ही सांत्वन असंच करतो. गेलेल्याबद्दल बोलत नाही, उरलेल्याला आशीर्वाद देतो.

विमान समुद्रावर खाली उतरू लागलं तेव्हा दिवे मंद केले. बाहेर लख्ख दुपार होती. खिडकीतून आधी आमचा डोंगर दिसला, मग शहर, आणि शहराच्या दक्षिण टोकाला धुराचे तीन जाड खांब. विमान त्यांच्याकडेच निघालं होतं. कोणीतरी मागून मोठ्याने "हे मेरी" ही प्रार्थना सुरू केली, आणि पलीकडच्या रांगेतला मौलवी त्याच्या प्रार्थना पुटपुटू लागला. मी डोळे मिटले. लहानपणी मठातल्या सिस्टरांनी शिकवलेली एकही प्रार्थना मला पुरी आठवेना, मधल्याच ओळी आठवत होत्या. मुन्तहाची नखं माझ्या मनगटात रुतली.

चाकं टेकली. एरवी आमचे लोक त्या क्षणी टाळ्या वाजवतात. त्या दिवशी कोणाचे हात हलले नाहीत. मग कुठेतरी दूर धप्प असा आवाज झाला, काचा थरथरल्या, आणि सगळे एकदम उठून दाराकडे धावले.

बाहेर शुक्री उभा होता. दाढी वाढलेली. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की पुरुष दाढी करत नाहीत. मुन्तहाने ती दाढी पाहिली आणि छातीवर क्रूस केला. शुक्रीने तिचा काळा झगा पाहिला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने धावत येऊन तिला मिठी मारली.

"तू सलामत राहा, ताई."

"तूही सलामत राहा रे."

दोघं रडली. मीही शुक्रीला तेच म्हटलं. तो म्हणाला, "देवाची मर्जी." मग त्याने सामान गाडीत टाकलं आणि भरधाव निघाला, कारण त्या रस्त्यावर रेंगाळणं बरं नव्हतं. आमच्या घराची वाट बाँब पडणाऱ्या त्या वस्तीला लागूनच जात होती, म्हणून मलाही आधी गावाकडेच न्यायचं ठरलं.

आम्ही डोंगर चढू लागलो. डोक्यावर शत्रूचं टेहळणीचं ड्रोन, न दिसता, माशीसारखं घोंघावत होतं. शुक्री आरशातून बहिणीकडे बघायचा आणि नजर वळवायचा. मुन्तहा मांडीवर माळ घेऊन बसली होती, मणी पुढे सरकत नव्हते. मला एक गोष्ट खटकली. गावच्या चौकात चर्चच्या भिंतीवर मृत्यूची बातमी देणारा कागद डकवलेला नव्हता. पण लढाईत कागद कोण छापतंय, असं मी मनाला सांगितलं.

शेवटच्या वळणाआधी शुक्रीने गाडी थांबवली. "ताई, तू इथेच बस. मी आधी जाऊन आईला हळूहळू सांगतो. तुला असं काळ्यात बघितलं तर तिचं काळीज थांबेल. डॉक्टरने बजावलंय."

मुन्तहाने पुढे वाकून त्याचा खांदा धरला. "कोणाचं काळीज?"

"आईचं."

"आई... आहे?"

"आहे म्हणजे? गेलं ते बाळ ना...?"

"बाळाला काय झालंय! काल पेटीतून बाहेर काढलं त्याला!"

शुक्रीने कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. "अगं मग हा काळा झगा कोणासाठी?"

"तूच म्हणालास ना, जरा दमलीय!"

"दमलीच होती! मजूर पळाले लढाईमुळे. ऑलिव्ह पडून होते. म्हातारी माझं न ऐकता आठवडाभर शिडीवर चढत होती. दाढी करायलाही मला सवड नाही, आणि तू..."

मुन्तहा हसली की किंचाळली ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्याच क्षणी ती गाडीतून उतरून मागचं दार ओढू लागली. "माझी बॅग! फुलाफुलांचा झगा आहे त्यात. मादाम, तुमचा कोट द्या. लवकर!" मी कोट काढू लागले. बॅगेचं कुलूप उघडेना.

पण डोंगरात गाडीचा आवाज लांबवर जातो. वरच्या गच्चीवर म्हातारी येऊन उभी राहिली होती. तिने खाली पाहिलं. रस्त्यात काळ्या कपड्यातली लेक, बाजूला रडवेला मुलगा. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला.

"कोण?" ती वरून ओरडली. आवाज चिरका होता. "मिरेई की बाळ? सांगा मला, कोण?"

शुक्री हात हलवत पळत सुटला, पण त्याला धाप लागून शब्द फुटेना. म्हातारीची मान एका बाजूला कलली. मला वाटलं, झालं. जिच्या मातीला म्हणून एवढा जीव मुठीत धरून आलो, ती आता आमच्याच हातून मरतेय.

मुन्तहाने रस्त्याच्या मधोमध उभं राहून, आयुष्यात कधी काढला नसेल असा आवाज काढला. "कोणी नाही गं! तूच! तू मेलीस म्हणून घातलाय!"

म्हातारी हलली नाही. डोक्यावर ती माशी घोंघावतच होती. मग ती कठड्याला टेकून खाली बसली आणि आम्हाला फक्त तिचा पांढरा रुमाल दिसत राहिला. आम्ही जिना चढून धापा टाकत वर पोचलो तेव्हा ती ऑलिव्हच्या परातीशेजारी जमिनीवरच बसलेली होती. एक हात छातीवर होता, दुसऱ्याने तिने मुन्तहाच्या झग्याचं टोक धरून कापड चाचपलं.

"तूच मला माती दे गं," ती म्हणाली. "पण आज नाही. आज हे ऑलिव्ह निवडायचेत. काढ तो झगा, आणि दारामागे टांग."

मुन्तहाने झगा बदलला, काळा दारामागे टांगला आणि ती परातीजवळ बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघी निवडत होतो. म्हातारी मध्येच थांबायची, छातीवर हात ठेवायची, आणि मुन्तहा नजर उचलून आधी तिच्याकडे, मग दाराकडे बघायची.