जाऊबाईंना खाऊ घातलेले बदाम

ही वही कोणी उघडलीच, तर अक्षराला हसू नये. मी चौथीपर्यंतच शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आपापल्या मर्जीने पडतात. चुकलं असेल तिथं माफ करावं.

थोरल्या जाऊबाईंनी भाच्याच्या लग्नाला जाताना माझ्याकडून बाराशे रुपये घेतले होते. शेळी विकून आलेले पैसे. आठ दिवसांत देते म्हणाल्या, त्याला चार महिने झाले. इकडे माझा मिक्सर जळाला आणि दुरुस्तीला पैसे पाहिजेत. पण मागायचं म्हटलं की माझं तोंडच उघडत नाही. तीनदा पैसे मागायला म्हणून त्यांच्या घरी गेले आणि तिन्ही वेळा विरजण मागून आले. दह्याला मात्र काही कमी पडलं नाही.

त्यातच नर्सबाईंनी गावातल्या बायकांना जमवून सांगितलं की रोज चार-पाच बदाम किंवा अक्रोड, नाहीतर मूठभर शेंगदाणे खावेत. हृदय चांगलं राहतं, अंगात ताकद येते, डोकं तल्लख होतं. बाकीच्या ताकदीचं ऐकत होत्या. मी डोक्याचं तेवढं धरून घरी आले. जाऊबाई त्या दिवशी रानात होत्या.

बाळापूरच्या बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानात गेले. दुकानातल्या चाचांनी विचारलं, "कुणासाठी पाहिजे, बाई?"

"विसरभोळ्या माणसासाठी," मी पदराआडून बोलले.

"मग अक्रोड घ्या. बघा, दिसतो बी मेंदूवानी."

अक्रोडाचा भाव ऐकून माझाच मेंदू बंद पडला. अर्धा पाव बदाम घेऊन परत आले.

रोज पाच बदाम भिजवायचे, सकाळी साल काढून जाऊबाईंना नेऊन द्यायचे.

"काहून गं, एवढी सेवा?"

"तुमच्या तब्येतीसाठी, अक्का."

आठ दिवसांत गुण दिसला. त्यांना आठवू लागलं. त्यांचा पितळी तांब्या सहा वर्षांपासून माझ्याकडं आहे हे आठवलं, आणि तांब्या गेला. माझ्या लग्नात माझ्या भावानं त्यांना फिकी साडी नेसवली, हे आठवलं. मी नवी असताना खिरीत मीठ घातलं होतं, ते तर साऱ्या गल्लीला सांगून झालं. चेहऱ्यावरही तेज आलं. बाराशे तेवढे आठवेनात.

बदाम संपले. मग मी घरचे शेंगदाणे भिजवून नेले. नर्सबाईंनी तेही चालतात म्हटलं होतं.

जाऊबाईंनी वाटीत पाहिलं. "बदाम कुठं गेले?"

"संपले."

"मग आण की! चांगला गुण येऊन राहिला होता."

मला काय झालं कोण जाणे, मी ओरडलेच. "कशाचा गुण! ज्याच्यासाठी खाऊ घातले ते तर तुमाला आठवंनाच!"

"बाराशे ना?" त्या शेंगदाणे चावत म्हणाल्या. "ते एक दिवस बी इसरले न्हाई. पण देऊन टाकले असते, तर तू मला बदाम खाऊ घातले असते व्हय?"

ओट्यावर बसलेल्या सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जाऊबाई आत गेल्या आणि ट्रंकेतून आठशे घेऊन आल्या. "बाकीचे हळद काढायची मजुरी आली की देते. आन् तवर शेंगदाणेच आण, बदामाचा खर्च नको करू."

पंधरा दिवसांनी त्या स्वतःच दारात आल्या. चारशे माझ्या हातावर ठेवले आणि सासूबाईंसमोर दोनदा मोजायला लावले. बराबर भरले. बाराशे पुरे फिटले.